हरलेला सामना पुसू नका

वार्षिकांकासाठी साहित्य पाठविण्याची सूचना फलकावर लागली तेव्हा आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी कविता दिल्या. मला कविता जमत नाही. कथा थोडी थोडी जमू लागली आहे, आणि ती कशी जमू लागली हेच येथे सांगावयाचे आहे. ज्या नांदेडात नरहर कुरुंदकर गुरुजी पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते, त्या गावात राहून एका पोरखेळावर लेख लिहावा हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु मी कथा लिहावयास शिकलो तो या पोरखेळातूनच, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हा खेळ म्हणजे काय ते सांगतो. खेळाचे दोन प्रकार असतात. एकात आपण स्वतः चेंडू मारतो. दुसऱ्यात चेंडू कोणी मारावा हे आपण ठरवितो. म्हणजे खेळाडू निवडणे, विकत घेणे, बसविणे, काढून टाकणे, डावपेच आखणे ही कामे आपली, आणि पुढे काय होईल ते फाशांवर, पत्त्यांवर किंवा संगणकाच्या हिशेबावर. या दुसऱ्या प्रकाराला आपण संघ-व्यवस्थापनाचा खेळ म्हणू. इंग्लंडात केव्हिन टॉम्स या गृहस्थाने १९८२ साली 'फुटबॉल मॅनेजर' नावाचा असा खेळ घरगुती संगणकासाठी काढला. १९९२ साली पॉल आणि ऑलिव्हर कोलियर या दोन भावांचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' आला. २००४ पासून त्याच मंडळींचा खेळ 'फुटबॉल मॅनेजर' या नावाने निघू लागला. क्रिकेटसाठी १९९८ साली 'इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन' निघाला. या खेळांत प्रत्येक खेळाडू म्हणजे आकड्यांची एक ओळ असते. फुटबॉलच्या खेळात धावणे, धीर, नजर अशा एकेका गुणाला १ ते २० पर्यंत अंक दिलेले असतात. तिकडची मंडळी असे खेळ खेळता खेळता आपल्या काल्पनिक संघांच्या हकीकती लिहितात, आणि वाचणारे त्या आवडीने वाचतात.

माझा खेळ मात्र संगणकावरचा नव्हता. तो 'पुस्तक-क्रिकेट' होता. आपल्यापैकी प्रत्येकाने तो शाळेत मागच्या बाकावर बसून खेळला असेल. जाडजूड पुस्तक घ्यावयाचे, डोळे मिटून उघडावयाचे आणि डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा पाहावयाचा. २, ४, ६ म्हणजे तेवढ्या धावा. ८ म्हणजे आम्ही एक धाव धरीत असू. आणि ० म्हणजे बाद. डावे पान नेहमी सम असते, त्यामुळे पाचांत एकदा बाद होण्याची पाळी येते. हिशेब केला तर एका फलंदाजाला सरासरी १३ धावा पडतात आणि सगळा संघ बाद होईपर्यंत खेळला तर १३०. शाळेत असताना हा हिशेब मला ठाऊक नव्हता; लातूरला असताना माझ्या खोलीतल्या मित्राने तो मांडून दाखविला.

आता लातूरला मी काय करीत होतो हे सांगणे भाग आहे. दहावीला बरे गुण पडले म्हणून मला अकरावी-बारावीसाठी तिकडे पाठविण्यात आले. आमच्या घरात दहावी पास झालेला मी पहिलाच. वडील मोंढ्यात हमाली करतात. लोहा तालुक्यात आमची थोडी जमीन आहे, त्यातला एक एकर गहाण पडला तो माझ्या शिकवणीच्या फीपोटी. 'लातूर पॅटर्न'चे नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्याविषयी मी काय सांगणार! आमच्या शिकवणीत दर रविवारी चाचणी होई आणि मंगळवारी भिंतीवर यादी लागे. यादीत नाव शेवटी, आकडा आधी. आकडा घसरला की तुकडी बदले. मी दोन वर्षांत वरच्या तुकडीतून खालच्या तुकडीत आणि तेथून आणखी खाली गेलो.

त्या खोलीत रात्री अकरानंतर मी आणि माझा मित्र आमचा खेळ खेळत असू. मराठवाड्याचे आठ जिल्हे, म्हणून आठ संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे म्हणजे २८ सामने, आणि त्यानंतर पहिल्या दोन संघांत अंतिम सामना. प्रत्येक संघात अकरा म्हणजे एकूण ८८ खेळाडू. सगळ्यांची नावे आम्हीच पाडली. फासा टाकून प्रत्येकाला फलंदाजीचा आणि गोलंदाजीचा अंक दिला. ज्याची फलंदाजी ७ किंवा अधिक, त्याला पहिल्या शून्यावर जीवदान. ज्याची गोलंदाजी ७ किंवा अधिक, त्याच्या षटकात ८ हा आकडासुद्धा बाद. सामना दहा षटकांचा, एका गोलंदाजाला दोनच षटके. एवढ्या दोन-तीन नियमांनी पोरखेळाचा व्यवस्थापनाचा खेळ झाला. कारण चांगल्या गोलंदाजाची षटके केव्हा खर्च करावयाची, हा विचार आता आमच्या डोक्याला आला.

माझा संघ नांदेड, त्याचा लातूर. माझ्या संघात नामा नावाचा डावखुरा गोलंदाज होता. गोलंदाजी ४. लिलावात तो शंभरातल्या दोन गुणांना मिळाला, कारण दुसरे कोणी बोलीच बोलले नाही. अंतिम सामना नांदेड आणि लातूर यांच्यात झाला. शेवटच्या षटकापर्यंत माझे दोन्ही चांगले गोलंदाज संपले होते, म्हणून चेंडू नामाच्या हाती गेला. लातूरची शेवटची जोडी, शेवटचा चेंडू, विजयाला ३ धावा. मित्राने पुस्तक उघडले. पान ३४६. षटकार.

मी म्हणालो, "पंख्यानं पान उलटलं. पुन्हा उघड." तो हसला आणि त्याने पुन्हा उघडले. पान २१०. बाद. नांदेड २ धावांनी विजयी. मी वहीतला ६ रबराने पुसला आणि तेथे ० काढला.

माझी पहिली कथा मी या सामन्यावरच लिहिली. तोवर 'नीट'चा निकाल लागला होता, माझा आकडा कोठल्याच यादीत बसणारा नव्हता आणि मी नांदेडला परत येऊन बी. ए.ला नाव घातले होते. ती कथा आमच्या मराठीच्या सरांना दाखविली. सरांनी शांतपणे वाचली आणि एवढेच विचारले, "यात कोणीच हरत कसे नाही?" मला उत्तर देता आले नाही. त्यानंतरच्या वर्षभरात ती कथा मी पाच वेळा लिहिली. त्यातून जे उमगले ते नव्याने लिहिणाऱ्या मित्रांसाठी क्रमाने देतो.

पहिली गोष्ट, आधी खेळा आणि खेळताना वही ठेवा. पुढे कथा लिहायची म्हणून मुद्दाम चमत्कारिक खेळू नका. प्रत्येक सामन्यानंतर चार-पाच ओळी पुरे: कोणाला घेतले, कोणाला वगळले, का वगळले, आणि शेवटचे षटक चालू असताना आपल्याला कशाची भीती वाटत होती. धावसंख्या खेळात राहतेच. भीती मात्र दुसऱ्या दिवशी आठवत नाही. कथेला तिचाच उपयोग होतो.

दुसरी गोष्ट, हरलेला सामना पुसू नका. संगणकाच्या खेळात तर हे फार सोपे असते. हरलो की आधी जपून ठेवलेल्या जागी परत जायचे आणि तोच सामना पुन्हा खेळायचा. असे केल्याने करंडक मिळतो, पण कथा जाते. जो संघ कधीच हरत नाही त्याच्या हकीकतीत पुढे काय होणार हे वाचकाला दुसऱ्याच पानावर कळते. मी पुसलेला तो ६ हीच माझ्या कथेतली एकमेव खरी घटना होती, आणि नेमकी तीच मी काढून टाकली होती.

येथे एका कादंबरीचा उल्लेख करावासा वाटतो. आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी तिची ओळख करून दिली. रॉबर्ट कूव्हर या अमेरिकन लेखकाने १९६८ साली ती लिहिली. तिचा नायक हेन्री वॉ हा हिशेबनीस. दिवसा कचेरीत जमाखर्च, रात्री घरी फासे टाकून स्वतःच तयार केलेल्या बेसबॉलचा खेळ. खेळाडू कागदावरचे, पण त्याला ते जिवंत माणसांसारखे. एके दिवशी फाशांचे असे दान पडते की त्याचा सर्वांत लाडका तरुण खेळाडू चेंडू लागून मरतो. हेन्री एकटाच आहे. दान बदलले तर कोणाला कळणार नाही. पण तो बदलला तर खेळाला अर्थ उरत नाही, आणि नाही बदलला तर त्याला स्वतःला सावरता येत नाही. सगळी कादंबरी या पेचावर उभी आहे. मॅडमनी हे सांगितले तेव्हा मला आमचा पंखा आठवला आणि मी खाली मान घातली.

तिसरी गोष्ट, एकच माणूस निवडा. खेळात ८८ खेळाडू असतील, तरी कथेत ८८ मावत नाहीत. नवशिक्याला सगळा हंगाम सांगण्याचा मोह होतो: पहिला सामना, दुसरा सामना, गुणतक्ता, तिसरा सामना. असा मजकूर वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर शोभतो. माझ्या पहिल्या मसुद्यात २९ सामने होते. पाचव्यात एकच षटक उरले.

शक्यतो तो माणूस संघाचा चालकही असू नये. चालकाच्या तोंडून सांगितलेली कथा बहुधा स्वतःच्या हुशारीचे वर्णन होऊन बसते. ज्याला दोन गुणांना घेतले त्याच्या बाजूने एकदा पाहा. त्याला लिलावाची बातमी कशी कळली असेल? आपली किंमत त्याने कोणाला सांगितली असेल?

चौथी गोष्ट, आकड्याचे माणूस करा. हे सर्वांत कठीण. उदाहरणासाठी माझ्याच दोन मसुद्यांतला मजकूर देतो. पहिल्यात असे होते: "नामाची गोलंदाजी ४ होती. तरीपण त्याने शेवटच्या चेंडूवर बळी घेऊन नांदेडला विजयी केले. सर्वांनी जल्लोष केला." पाचव्यात असे आहे: "तिसऱ्या चेंडूनंतर नामाने हात पँटला पुसला. हाताला घाम नव्हता. कर्णधार लांबून नुसता बघत राहिला, काही बोलला नाही; आणि नामाला ते बोलण्यापेक्षा जड गेले." दुसऱ्या मजकुरात ४ हा आकडा कोठेच नाही, पण वाचकाला तो कळतो. खेळाने आपल्याला ४ दिला, तर आपण स्वतःला विचारावे की ४ असणारा माणूस चालतो कसा, पाणी पितो कसा, संघाच्या यादीत आपले नाव कोणत्या टोकाकडून शोधतो. मला हे शोधायला लांब जावे लागले नाही. यादी खालून वाचण्याची सवय मला लातूरलाच लागली होती.

पाचवी गोष्ट, खेळात नाही ते बाहेरून आणा. या खेळांत मैदान नेहमी हिरवे असते. आपल्याकडे तसे नसते. २०१६ सालच्या एप्रिलमध्ये लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. पहिल्या फेरीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आय.पी.एल.चे सामने दुष्काळामुळे महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, पण रिकाम्या घागरींच्या रांगा मला आठवतात. ज्या लातूरच्या संघाशी आम्ही वहीत खेळत होतो त्या संघाला खऱ्या उन्हाळ्यात खेळपट्टीवर मारायला पाणी मिळाले असते काय? हा प्रश्न मनात येताच मला एका नव्या कथेचे बीज मिळाले. तसेच एस.टी.चे. खेळात संघ एका क्षणात नांदेडहून लातूरला पोचतो. प्रत्यक्षात लोहा, अहमदपूर करीत जावे लागते, आणि हरून परत येताना तोच रस्ता लांब होतो.

परंतु हे करताना एक पथ्य पाळावे. बाहेरून काहीही आणा, निकाल मात्र बदलू नका. पान ३४६ उघडले असेल तर ते ३४६ च राहावे. आपण तो षटकार का बसला, कसा बसला आणि त्यानंतर कोण काय बोलले हे रचू शकतो. निकाल हाताबाहेर आहे म्हणूनच आपल्याला माणसांचा शोध घ्यावा लागतो. तो हातात घेतला की आपण आळशी होतो.

सहावी गोष्ट भाषेची. समालोचकाची भाषा कथेत आणू नका. 'प्रेक्षकांचा एकच जल्लोष', 'चेंडू सीमापार' ही वाक्ये कानात इतकी बसली आहेत की ती आपोआप उतरतात. लोह्याचा नामा असे बोलणार नाही. तो म्हणेल, "म्या टाकलो तवा हात घसरला, दुसरं काय न्हाई." आपल्या घरची बोली कागदावर उतरवायला मला आधी लाज वाटे. आता वाटत नाही.

सातवी गोष्ट, खऱ्या खेळाडूंची नावे घेताना जपा. संगणकाच्या खेळात खरी नावे असतात. त्यांचा खेळ लिहा, परंतु त्यांच्या तोंडी मनाची भांडणे, लबाड्या घालू नका. नाव आपण पाडलेले असले की हात मोकळा राहतो.

आणि जाता जाता एक खुलासा. घरोघरी 'मोबाईलवरचा खेळ' म्हटले की पैसे लावण्याचा खेळ डोळ्यांपुढे येतो. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाईन खेळांना बंदी घालणारा कायदा केला. मी ज्या खेळाविषयी सांगतो आहे त्यात एक पैसाही लागत नाही. एक जुने पुस्तक, वही आणि पेन्सिल पुरते.

शेवटची गोष्ट मला कोणत्याही पुस्तकात मिळाली नाही. चौथा मसुदा झाला त्या सुटीत मी घरी होतो. त्यात नामा हरत होता, यादी खालून वाचत होता; सारे काही होते, पण शेवट सापडत नव्हता. वडील मोंढ्यातून आले, जेवले आणि म्हणाले, "काय लिव्हायलास रोज?" त्यांना वाचता येते ते सहीपुरते, म्हणून मी त्यांना कथा वाचून दाखविली. आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच काही वाचून दाखवीत होतो. ते भिंतीला टेकून ऐकत होते. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग त्या पोराच्या बापाला कुणी सांगितलं?"

माझ्या खेळात नामाला बापच नव्हता. ८८ खेळाडू, दोन-दोन अंक, किमती, षटके. पण बाप कोणालाच नव्हता. आणि मित्रांनो, 'नीट'चा निकाल लागल्यावर मी चार दिवस लातूरच्या खोलीत बसून होतो. घरी फोन केला नाही. पाचव्या दिवशी गेलो तेव्हा शेजारच्यांच्या मोबाईलवरून वडिलांना सगळे कळलेलेच होते. त्यांनी निकालाविषयी एक शब्द विचारला नाही. "जेवलास का?" एवढेच विचारले. त्या प्रश्नाला मी अजूनही नीट उत्तर दिलेले नाही.

पाचव्या मसुद्याच्या शेवटी नामा शेवटच्या गाडीने लोह्याच्या स्थानकावर उतरतो. त्याचा बाप सायकल धरून उभा आहे. पुढे काय होते ते येथे सांगत नाही. तुम्ही आपली कथा लिहाल तेव्हा तुमच्या खेळाडूला घ्यायला कोण येते ते तुम्हीच शोधावे.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी ती जुनी वही काढली. रबराने पुसलेल्या ६ चा ओरखडा अजून दिसतो. मी त्यावरचा ० खोडला आणि ६ पुन्हा लिहिला. मग मित्राला फोन केला. तो अजून लातूरलाच आहे, पुन्हा परीक्षेला बसतो आहे. त्याला सांगितले, पंखा त्या रात्री बंद होता, वीज गेली होती. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ते मला तवाच ठावं होतं लेका. मंग करंडक आमचा का न्हाई आता?"

करंडक लातूरचा. तशी नोंद वहीत केली आहे. पुढच्या वार्षिकांकात आपल्यापैकी कोणाची तरी अशी कथा वाचावयास मिळावी, एवढी इच्छा व्यक्त करून रजा घेतो.

— बी. ए. (द्वितीय वर्ष)